जर्नल कुणी कुणाची उतरवली? दान्तेच्या पोथ्या आणि माझे जिवाणू

तुम्ही सायन्सला असाल, किंवा कधीकाळी होता, तर सबमिशनच्या आदल्या रात्रीचं दृश्य वेगळं सांगायला नको. वर्गात एखादीचीच जर्नल पूर्ण असते. ती चौघांकडे जाते, त्या चौघांकडून आणखी दहा जणांकडे, आणि सकाळी टेबलावर साठ जर्नल्सचा गठ्ठा. आता सरांनी ठरवलं की कुणी कुणाची उतरवली ते शोधायचंच, तर ते काय बघतील?

बरोबर उत्तरं बघून काहीच कळणार नाही. बरोबर उत्तर स्वतः प्रयोग करूनही येतं. पण ब्युरेटचं रीडिंग १३.७ असायला हवं तिथे अकरा जर्नल्समध्ये १७.३ असेल, तर त्या अकरांचं मूळ एक आहे. त्या अकरांपैकी चौघांनी पुढच्या पानावर एक ओळही गाळली असेल, तर ते चौघं आणखी जवळचे. एवढ्यावर सर वर्गाचा वंशवृक्ष काढू शकतात. नातं ठरतं ते सामायिक चुकांवरून.

माझी पीएचडी जिवाणूंच्या जीनोमवर आहे आणि मी रोज हेच करते. डीएनएची प्रत निघताना चुका होतात, त्या पुढच्या पिढीत उतरतात, आणि त्या सामायिक बदलांवरून कोण कुणाचा वंशज ते आम्ही ठरवतो. मग सातशे वर्षांपूर्वीच्या एका इटालियन महाकाव्याबद्दल मी का लिहितेय? कारण त्या काव्याचे अभ्यासक नेमकं हेच काम करतात, आणि माझी एक मोठी अडचण मला त्यांच्यामुळे कळली. ती पुढे सांगते.

कवीच्या हातची एक ओळही नाही

दान्ते आलिगिएरी १२६५ मध्ये फ्लॉरेन्समध्ये जन्मला. शहराच्या राजकारणात पडला, त्याचा गट हरला, आणि १३०२ मध्ये त्याला हद्दपार केलं गेलं. परत सापडला तर जिवंत जाळायचं, अशी शिक्षा होती. तो परत गेलाच नाही. या गावाहून त्या गावाला, कुणा ना कुणाच्या आश्रयाने राहत त्याने एक काव्य लिहिलं आणि १३२१ मध्ये राव्हेन्नात तो वारला.

ते काव्य म्हणजे ‘कोमेदिया’, आपण ज्याला ‘डिव्हाइन कॉमेडी’ म्हणतो. (‘दिव्य’ हे विशेषण त्याचं नाही. ते पुस्तकाच्या नावात छापलं गेलं १५५५ मध्ये, व्हेनिसच्या एका आवृत्तीत.) आयुष्याच्या मध्यावर रानात वाट चुकलेला माणूस, वाट दाखवायला आलेला रोमन कवी व्हर्जिल, मग नरक, पापक्षालनाचा डोंगर आणि स्वर्ग असा प्रवास. एकूण १०० सर्ग, १४,२३३ ओळी.

यातली एकही ओळ दान्तेच्या हस्ताक्षरात उरलेली नाही. काव्य सोडा, त्याची साधी सहीसुद्धा कुठे सापडलेली नाही. पंधराव्या शतकात लिओनार्दो ब्रूनी या लेखकाने दान्तेच्या हातची पत्रं पाहिल्याचं लिहिलंय. अक्षर बारीक, लांबट आणि शुद्ध होतं म्हणे. ती पत्रंही गेली.

उरल्या त्या नकला, सुमारे ८०० हस्तलिखितं. त्यातलं पूर्ण काव्य असलेलं, तारीख असलेलं सगळ्यात जुनं पिआचेन्झात आहे, १३३६ चं. म्हणजे कवीच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी केलेलं. मधल्या पंधरा वर्षांच्या प्रती हरवल्या. थोडक्यात, साठ जर्नल्स आपल्या हातात आहेत, पण पहिली जर्नल नाही.

८०० प्रती कशा झाल्या

हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण काव्याचा प्रभाव प्रभाव म्हणतात तो मोजता येतो असा पहिला पुरावा म्हणजे या नकला. छपाई नव्हती. १४,२३३ ओळी बोरूने उतरवायला कुणीतरी महिनोन्महिने बसलं, ते वाचणारे होते म्हणूनच.

आणि वाचणारे होते, कारण दान्तेने ते लॅटिनमध्ये लिहिलं नाही. त्या काळी गंभीर लिखाण लॅटिनमध्येच करायचं असा दंडक होता. बोलोन्याच्या एका पंडिताने त्याला तसं पत्रही लिहिलं होतं, एवढी प्रतिभा बाजारातल्या भाषेवर का उधळतोस अशा अर्थाचं. दान्तेने ऐकलं नाही. त्याने फ्लॉरेन्सच्या बोलीत नरक रंगवला, त्यात ओळखीच्या माणसांना बसवलं, पोपनाही सोडलं नाही. मग काय, लोक तुटून पडले. बोलोन्यातले नोटरी कराराच्या नोंदवहीत कोरी जागा उरली की कुणी मागाहून काही घुसडू नये म्हणून तिथे कविता लिहून टाकत. १३१७ च्या अशाच एका नोंदवहीत ‘नरका’तल्या ओळी आहेत. कवी तेव्हा जिवंत होता आणि काव्य अजून पूर्णही व्हायचं होतं!

फ्लॉरेन्समध्ये एक दंतकथा होती, एका लेखनिकाने शंभर दान्ते उतरवून आपल्या मुलींच्या लग्नाचा खर्च भागवला. खरीखोटी देव जाणे. पण एकाच कारखान्यातून निघाल्यासारख्या, एकसारख्या दिसणाऱ्या प्रतींचा एक मोठा गट आजही आहे.

यमकाचं कुलूप

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. दान्तेने या काव्यासाठी तीन-तीन ओळींची कडवी घेतली. पहिली आणि तिसरी ओळ यमकात. मधली ओळ एकटी राहते, पण तिचं यमक पुढच्या कडव्याची पहिली आणि तिसरी ओळ उचलते. म्हणजे कखक, खगख, गघग अशी साखळी, आणि सर्गाच्या शेवटी साखळी बंद करायला एक सुटी ओळ.

कॉम्प्युटरवाल्यांना हे लगेच ओळखू येईल. आपण फाइल पाठवतो तेव्हा ती वाटेत बिघडली का ते कळावं म्हणून सोबत एक तपासणी-अंक जातो, तसंच हे आहे. मधलं एक कडवं गाळून बघा. आधीच्या कडव्याची मधली ओळ जोडीदाराशिवाय लटकते, आणि चूक पकडली जाते. आपलं एखादं कडवं घुसडायचा प्रयत्न करा, तोही लगेच उघडा पडतो. प्रत्येक सर्गाच्या ओळींना ३ ने भागलं की बाकी १ उरायलाच हवी. पूर्ण काव्याच्या १४,२३३ ओळींना भागा, तिथेही १ उरते, कारण १०० सर्गांच्या १०० बाक्या, आणि १०० भागिले ३, बाकी १. शिवाय प्रत्येक ओळ साधारण अकरा अक्षरांची, ती वेगळी तपासणी.

म्हणून एवढ्या प्रतींतून फिरूनही या काव्यात कुणाला आख्खी कडवी मिसळता आली नाहीत. मोठी मोडतोड बाहेरच राहिली. चुका लपल्या त्या ओळीच्या पोटात, जिथे यमक पोचत नाही आणि अक्षरं मोजूनही काही कळत नाही.

जग की गती?

एक नमुना बघा. ‘नरका’च्या दुसऱ्या सर्गात बेआत्रिचे व्हर्जिलला म्हणते की तुझी कीर्ती अजून जगात आहे, आणि ती अमुक असेल तोवर राहील. हे ‘अमुक’ म्हणजे काय? काही पोथ्यांत शब्द आहे ‘मोंदो’, म्हणजे जग. काहींत ‘मोतो’, म्हणजे गती, आकाशातल्या गोलांचं फिरणं. दोन्ही दोन अक्षरी, दोन्ही ओळीच्या मध्ये. त्यातून त्या काळी ‘न’ पूर्ण न लिहिता आधीच्या अक्षरावर आडवी रेघ मारत. मग फरक उरतो एक रेघ आणि एक व्यंजन.

कुठला खरा? पाठचिकित्सेचा एक जुना नियम सांगतो की दोन पाठांत जो अवघड, तो बहुधा जुना. लिहिणारा माणूस अनोळखी शब्दाचा ओळखीचा करतो, उलटं सहसा करत नाही. तुम्हाला हे नवीन नाही. गणपतीत दरवर्षी वाद होतोच, ‘संकटी’ की ‘संकष्टी’? शब्द होता ‘संकटी’. पण संकष्टी चतुर्थी गणपतीचीच, कानाला सवयीची, म्हणून ती आरतीत शिरली. तसंच ‘मोंदो’ हा शब्द आदल्याच ओळीत आलेला आहे. लेखनिकाच्या डोक्यात तो घोळत असणार, म्हणून त्याने ‘मोतो’चा ‘मोंदो’ केला असेल, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू म्हणते, कवीनेच तो शब्द मुद्दाम पुन्हा वापरला. आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या आवृत्तीत ‘मोंदो’ आहे. वाद मिटलेला नाही.

तुम्ही म्हणाल, मग मोजा ना, कुठला पाठ जास्त पोथ्यांत आहे ते! इथेच मेख आहे. चौथ्या सर्गात बाप्तिस्म्याबद्दल एक शब्द येतो. बहुतेक जुन्या पोथ्या म्हणतात ‘पार्ते’, श्रद्धेचा भाग. संपादक छापतात ‘पोर्ता’, श्रद्धेचं दार, कारण धर्मशास्त्रात बाप्तिस्म्याला दारच म्हणत. साठांपैकी एकोणसाठ जर्नल्समध्ये १७.३ असेल, तरी ब्युरेटमध्ये १३.७ च होतं. त्या एकोणसाठांचं मूळ एक असेल, तर ते एकोणसाठ साक्षीदार नाहीत, एकच आहे.

बोकाच्चिओने केलेला घोळ

आता माझ्या अडचणीकडे येते. वंशवृक्ष काढताना एक गोष्ट आपण गृहीत धरतो, प्रत्येक प्रत एकाच प्रतीवरून उतरवली. पण हुशार विद्यार्थी काय करतो? दोन जर्नल्स समोर ठेवतो, आणि जिथे जी बरी वाटेल तिथली घेतो.

दान्तेच्या बाबतीत हा हुशार विद्यार्थी म्हणजे बोकाच्चिओ. होय, तोच, ‘डेकॅमेरॉन’वाला. त्याचं दान्तेवर इतकं प्रेम होतं की त्याने आख्खं काव्य स्वतःच्या हाताने तीन वेळा उतरवलं, त्याचं चरित्र लिहिलं, आणि १३७३ मध्ये फ्लॉरेन्सच्या चर्चमध्ये त्यावर जाहीर व्याख्यानं दिली. ज्या शहराने कवीला जाळायला काढलं होतं, त्याच शहराने या व्याख्यानांचे पैसे दिले. पण उतरवताना त्याने वेगवेगळ्या पोथ्यांतले पाठ निवडून घेतले. त्याच्या प्रती प्रतिष्ठित, त्यामुळे पुढे त्यांच्या नकला झाल्या, आणि सगळ्या फांद्या एकमेकींत गुंतल्या. चांगल्या हेतूने केलेल्या त्या दुरुस्तीने माग काढणं अवघड करून ठेवलं.

म्हणून जॉर्जो पेत्रोक्की या संपादकाने १९६६-६७ मध्ये आवृत्ती काढताना सरळ रेघ मारली. बोकाच्चिओच्या आधीच्याच पोथ्या घ्यायच्या. त्याने २७ घेतल्या. २००१ मध्ये फेदेरिको सांगुइनेती यांनी वेगळी वंशावळ मांडून अवघ्या सात पोथ्यांवर आवृत्ती उभी केली.

हे वाचत होते तेव्हा माझं दुसरं वर्ष चालू होतं आणि माझा वंशवृक्ष जुळत नव्हता. एका जनुकावरून काढला तर दोन जिवाणू सख्खे भाऊ, दुसऱ्या जनुकावरून काढला तर चुलत-चुलत. चार महिने मी स्वतःलाच दोष देत होते, नमुने आपणच मिसळले असणार म्हणून. पुन्हा वाढवले, पुन्हा सिक्वेन्स केले, उत्तर तेच. जिवाणू आपली जनुकं फक्त मुलांना देत नाहीत, शेजाऱ्यालाही देतात, हे मी एमएस्सीला पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. पण माझ्या समोरचा गोंधळ तोच आहे हे लक्षात आलं ते बोकाच्चिओबद्दल वाचताना. नमुने स्वच्छ होते. माझ्या जिवाणूनेच दोन जर्नल्स समोर ठेवल्या होत्या. मग मी वृक्षाऐवजी जाळं काढायला लागले.

कॉम्प्युटर कुठपर्यंत येतो

पोथी आणि जीनोम यांची ही गाठ आता रीतसर पडलेली आहे. १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये एक छोटा लेख आला. इंग्रज कवी चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधल्या एका भागाच्या ५८ हस्तलिखितांवर जीवशास्त्रातलं सॉफ्टवेअर चालवलं होतं. २०१० मध्ये प्रू शॉ यांनी ‘कोमेदिया’ची डिजिटल आवृत्ती काढली. सांगुइनेतींच्या त्याच सात पोथ्या, पण निवडक जागा न घेता शब्दन्‌शब्द उतरवून. म्हणजे जवळपास एक लाख ओळी. २००१ ची वंशावळ पूर्ण मजकुरावर टिकते का हे बघायला तिथेही आमच्याच प्रकारचं सॉफ्टवेअर वापरलं.

पण सॉफ्टवेअर फक्त एवढंच सांगतं, कोण कुणाच्या जवळ आहे. आधी कोण, हे नाही. आम्ही वृक्षाचं मूळ शोधायला बाहेरचा एखादा दूरचा नातेवाईक आणून ठेवतो. काव्याला असा बाहेरचा नातेवाईक नसतो. ‘मोंदो’ आधी की ‘मोतो’, ते ठरवायला भाषा, काळ, लेखनिकाच्या सवयी आणि कवी ओळखणारा माणूसच लागतो. आणखी एक, दोघांनी स्वतंत्रपणे एकच चूक केली असेल तर? दोन ओळींच्या शेवटी तोच शब्द असेल, तर कुणाचाही डोळा एक ओळ उडी मारतो. अशी चूक नात्याचा पुरावा धरायची नाही. आमच्याकडेही हेच. एकाच औषधाला तोंड देताना वेगवेगळे जिवाणू एकसारखा बदल करतात, ते भाऊ असतात म्हणून नव्हे.

एवढा खटाटोप कशासाठी?

हा प्रश्न मला घरी विचारतात, लॅबमध्येही विचारतात. एका रेघेने काय फरक पडतो?

पडतो, कारण या काव्यावर एक भाषा उभी आहे. इटली हा देश झाला १८६१ मध्ये. तोवर देश नसताना ‘इटालियन’ नावाची भाषा होती, आणि ती मुख्यतः दान्ते, पेत्रार्क आणि बोकाच्चिओ यांच्या लिखाणातल्या फ्लॉरेन्सच्या बोलीवर घडली. आजच्या इटालियनमधल्या मूळ, रोजच्या वापरातल्या शब्दांपैकी सुमारे ९० टक्के ‘कोमेदिया’त आधीच आहेत, असा भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांचा हिशेब आहे.

विज्ञानापर्यंतही त्याचा माग जातो. १५८८ मध्ये, वयाची पंचविशीही न गाठलेल्या गॅलिलिओने फ्लॉरेन्सच्या अकादमीत दोन व्याख्यानं दिली. विषय होता दान्तेच्या नरकाचा आकार आणि मापं. जमिनीखालच्या एवढ्या प्रचंड पोकळीचं छत कोसळणार नाही का? गॅलिलिओ म्हणाला, नाही, आपल्या शहरातला ब्रुनेलेस्कीचा घुमट बघा, पातळ आहे तरी उभा आहे. हे चूक आहे. वस्तू सगळ्या बाजूंनी दहापट केली तर वजन हजारपट होतं, पण ते पेलणारा छेद शंभरपटच वाढतो. हा नियम पुढे गॅलिलिओनेच मांडला, १६३८ च्या शेवटच्या ग्रंथात. नरकाच्या छताची ती चूक त्याला मागाहून कळली आणि त्यातूनच तो या नियमाकडे वळला, असं भौतिकशास्त्रज्ञ मार्क पीटरसन यांचं मत आहे.

आपल्याकडे

दान्ते पंचविशीत होता तेव्हा, १२९० मध्ये, नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली जात होती, तीही संस्कृत सोडून लोकांच्या भाषेत. तीनशे वर्षांत तिच्याही प्रतींत इतकं मिसळलं गेलं की एकनाथांनी १५८४ मध्ये पोथ्या जमवून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यापुढे यात कुणी आपली ओवी घालू नये असं शेवटी बजावलं. ओवीला ओवी यमकाने जोडलेली नसते. दान्तेचं कुलूप तिथे नव्हतं, म्हणून नाथांना ते शब्दांत घालावं लागलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, बाराशेहून अधिक हस्तलिखितांचा आधार घेऊन. तिथेही मोठी डोकेदुखी हीच होती, एकमेकांत मिसळलेल्या परंपरा.

आणि ‘कोमेदिया’चं एक हस्तलिखित मुंबईतच आहे! फोर्टमधल्या टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात. गव्हर्नर एल्फिन्स्टनने ते भेट दिलं. मुसोलिनीने त्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले आणि सोसायटीने नाही म्हटलं, असा किस्सा सांगतात. मी त्या पायऱ्यांवर बसून कितीदा वडापाव खाल्लाय, आतमध्ये त्या ८०० पैकी एक आहे हे माहीत नसताना.

राव्हेन्नाने दान्तेच्या अस्थी फ्लॉरेन्सला कधीच दिल्या नाहीत. फ्लॉरेन्सने बांधलेली त्याची कबर रिकामी आहे. २००८ मध्ये तिथल्या नगरसभेने त्याची शिक्षा रद्द करायचा ठराव केला, सातशे वर्षांनी. मूळ प्रत मात्र अजून बेपत्ता आहे.

शेवटी एक विनंती. घरात आजी-आजोबांच्या हातची आरत्यांची, अभंगांची वही असेल तर ती ‘चुकीची लिहिलीय’ म्हणून टाकू नका आणि दुरुस्तही करू नका. फोटो काढा, मागच्या पानावर नाव-गाव-तारीख असेल तर तिचाही. त्यात एखादा शब्द छापील पुस्तकापेक्षा वेगळा सापडला तर मला जरूर कळवा. तो कुणाकडून उतरवला होता, ते आपण शोधून बघू.